लग्नाचे कर्ज, जन्माची वेठ : राजुऱ्यापासून झरीपर्यंत

१/ फेब्रुवारी उजाडला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरील गावांतून माणसांनी भरलेल्या गाड्या तेलंगणाकडे निघतात. मिरची तोडणीचा हंगाम असतो. अनेकांनी निघण्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. २०२० च्या टाळेबंदीत हेच मजूर जंगलवाटांनी पायी परतू लागले, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला या स्थलांतराची वार्ता कळली.

२/ हे सारेच मजूर विकले जातात, असे मुळीच नाही. बहुतेकांसाठी ती हंगामी मजुरी असते. परंतु अगाऊ घेतलेली रक्कम, अनोळखी भाषा, दूरचे गाव आणि मध्ये उभा असलेला दलाल या गोष्टी एकत्र आल्या की मजुरी आणि माणसाची खरेदी यांतील रेषा पुसट होते. लग्न लावून देतो असे सांगून मुलींना परराज्यात नेऊन विकल्याच्या बातम्याही विदर्भातून अधूनमधून येत असतात. तिथेही पैसा, दलाल आणि अंतर हेच घटक असतात.

३/ ‘मानवी तस्करी’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे सीमा ओलांडणारे ट्रक आणि मोठ्या टोळ्या येतात. माणसाचा व्यापार गावातल्या गावातही होतो आणि तो फार जुना आहे. आजचा थ्रेड त्याविषयी, आणि विशेषतः तो मोडून काढणाऱ्या लोकांविषयी.

४/ संविधानाचे २३ वे कलम काढून पाहा. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना तिथे एकाच वाक्यात मनाई केलेली आहे. मसुद्यात हे कलम १७ व्या क्रमांकाचे होते आणि संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये त्यावर चर्चा झाली. आज आपण या दोन गोष्टी निरनिराळ्या खात्यांत टाकतो; एक पोलिसांकडे, दुसरी कामगार खात्याकडे. संविधानकर्त्यांना त्या एकत्र का दिसल्या असतील, याचे उत्तर इतिहासात आहे.

५/ ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’वरून आला. इ. स. १५० च्या सुमारास कोरलेल्या जुनागढच्या लेखात रुद्रदामन अभिमानाने सांगतो की सुदर्शन तलावाची दुरुस्ती आपण प्रजेला विष्टीचा जाच न देता केली. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांना विष्टीतून सूट असल्याचा उल्लेख येतो. सूट मुद्दाम कोरून ठेवावी लागत असे, यावरून इतर गावांत काय चालत असेल ते समजावे. संप झाला की ‘प्रवाशांना वेठीस धरले’ असे मथळे आपण वाचतो. मूळचा वेठीस धरलेला माणूस मजूरच होता, ही भाषेतील एक विलक्षण उलटापालट आहे.

६/ पेशवाईत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री राजरोस होत होती. दुष्काळात विकलेल्या, मोहिमांत पकडून आणलेल्या स्त्रिया घरकामासाठी विकत घेतल्या जात. दप्तरांत त्यांच्या किमतींच्या नोंदी आहेत. पुण्याच्या वैभवाविषयी लिहिताना हे पान आपण घाईने उलटतो.

७/ कंपनी सरकारने १८४३ च्या ५ व्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पुढे १८६० च्या दंडसंहितेत गुलाम म्हणून माणूस विकत घेणे हा कलम ३७० खाली गुन्हा ठरला आणि कलम ३७४ ने सक्तीच्या श्रमांसाठी शिक्षा ठेवली. म्हणजे १८६० नंतर माणूस विकत घेता येत नव्हता. त्याला कर्ज मात्र देता येत होते. बिहारमधील कमियांचा अभ्यास करणारे ग्यान प्रकाश यांनी दाखवून दिले आहे की, वसाहतकाळात जुने अवलंबित्व हळूहळू ‘कर्जाच्या’ भाषेत मांडले गेले. धनी सावकार झाला, सेवक ऋणको झाला आणि दोघांतील व्यवहार कागदावर स्वेच्छेचा ठरला.

८/ आता राजुऱ्याकडे येऊ. आजचे राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके मिळून पूर्वीचा राजुरा तालुका होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. वर्धा नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. गोंड आणि कोलाम मात्र दोन्हीकडे.

९/ निजामी तेलंगणात कर्जापायी राबणाऱ्या माणसाला ‘भगेला’ म्हणत. थोडी रक्कम किंवा धान्य घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत धन्याच्या शेतात राबायचे. फिटायचे कधीच नाही. निजामाच्या सरकारने अशा करारांना आळा घालणारा नियमही केला होता. कागदावर तो वाईट नव्हता. पण भगेल्याने तक्रार करायची ती गावच्या पाटील-पटवाऱ्याच्या डोक्यावरून, आणि पुष्कळ ठिकाणी ते पाटील-पटवारीच भगेले ठेवणाऱ्यांच्या गोतावळ्यातले.

१०/ १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला आणि त्यानंतर निजाम सरकारला आदिवासींची चौकशी करण्याची निकड भासली. क्रिस्टॉफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या गोंडांत येऊन राहिले. ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) या पुस्तकात त्यांचे अहवाल आहेत. गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांकडे आणि सावकारांकडे कशा गेल्या, हे त्यांनी नोंदवले. त्या बाहेरून आलेल्यांत तेलुगूभाषक होते तसे मराठीभाषकही होते. आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात हा भाग सहसा गाळला जातो.

११/ नदीच्या अलीकडे ब्रिटिशांचा चांदा जिल्हा होता. आजचा गडचिरोली जिल्हा त्याचाच भाग. तिथल्या जमीनदाऱ्यांत वेठ चाले. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून १९४४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सावकारी, बिगार आणि जमिनीचे हस्तांतरण हेच त्याचे मुख्य विषय. पुढे हेच ग्रिग्सन हैदराबाद संस्थानात महसूलमंत्री होते. दोन्ही तीरांवरचा रोग एकाच अधिकाऱ्याला ठाऊक होता. निदान अचूक होते, अहवाल जाडजूड होते. भगेला मात्र भगेलाच राहिला.

१२/ मग ही साखळी कुठे तुटली का? तुटली. पण त्यासाठी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत. (जुन्या उंबरगाव तालुक्याचा बराच भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला, महाराष्ट्रात उरलेल्या भागाचा आजचा तलासरी तालुका झाला.) चंद्रपूरच्या वाचकाला हे अंतर लांबचे वाटेल. जंगल, जमीन गमावलेला आदिवासी, सावकार, ठेकेदार आणि सीमा हे सगळे घटक मात्र तेच.

१३/ तिथल्या वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकारांच्या आणि जमीनदारांच्या घशात गेल्या. त्याच जमिनीवर ते कूळ झाले. जंगलातले लाकूड आणि माळावरचे गवत मुंबईला जाई; ते तोडणारे आणि कापणारे हात वारल्यांचे. खेर मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींची पाहणी केली. मालकाने बोलावले की कुळाने जायचे, दिवसाला फार तर एक आणा किंवा एका वेळच्या पोटापुरता तांदूळ मिळायचा, नकार दिला तर मार बसायचा आणि घरच्या बायकांवरही मालक आपला हक्क समजायचा, असे चित्र त्याच्या अहवालात आहे. हा अहवाल सरकारी अधिकाऱ्याचा आहे, चळवळीचे पत्रक नव्हे. म्हणून तो महत्त्वाचा.

१४/ या व्यवस्थेच्या तळाशी होता ‘लग्नगडी’. लग्न करायचे तर देज द्यावे लागे, गावजेवण आणि ताडी आलीच. तरुण वारली सावकाराकडून पैसे घेई आणि त्या दिवसापासून त्याचा गडी होई. पुरुषाचे कर्ज, पण बांधली जाई त्याची बायकोही. ज्या लग्नासाठी पैसे घेतले, तेच लग्न दोघांच्या गुलामीचे खत ठरे.

१५/ थोडा हिशेब करू. समजा कर्ज १०० रुपयांचे, म्हणजे १६०० आण्यांचे. वेठीचा एक आणा रोज इतका तुटपुंजा दर धरला, तरी एकट्या नवऱ्याच्या श्रमांतून ते साडेचार वर्षांच्या आत फिटायला हवे. बायकोचे श्रम धरले तर त्याच्या निम्म्या काळात. पुढे १९४५ मध्ये वारल्यांनी मागितलेल्या १२ आणे रोजाने मोजले, तर एका माणसाचे १३४ दिवस. प्रत्यक्षात माणसे जन्मभर राबत होती. त्यांचे श्रम कर्जाच्या खात्यावर जमाच होत नव्हते. म्हणून याला कर्ज म्हणणे हीच मुळात दिशाभूल आहे. ती किंमत होती.

१६/ शेजारच्या दक्षिण गुजरातेत अशाच माणसाला ‘हाळी’ म्हणत. यान ब्रेमन यांनी हाळी पद्धतीचा सविस्तर अभ्यास केला आहे. हाळीचे देणे भागवून दुसरा धनी त्याला आपल्याकडे घेऊ शकत असे. विक्री म्हणायचे नाही एवढेच. १९३९ च्या जानेवारीत बारडोलीत हाळी-मुक्तीची समारंभपूर्वक घोषणा झाली, मजुरीचे दरही ठरले. हा समझोता धन्यांच्या सदिच्छेवर उभा होता. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही.

१७/ जानेवारी १९४५. टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगावकडचे मोजके वारली तिथे पोहोचले आणि त्यांच्यातील माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून आपल्या लोकांची स्थिती सांगितली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्यानंतर या भागात आले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. त्या पाड्यापाड्यांवर पायी फिरल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या. वारली त्यांना ‘गोदाराणी’ म्हणू लागले.

१८/ २३ मे १९४५ रोजी झरी या गावी परिषद झाली. सुमारे ५००० आदिवासी जमले. ठरले ते एवढेच : वेठ करायची नाही, १२ आणे रोख रोजाशिवाय मालकाच्या शेतावर कामाला जायचे नाही, कुणी मारहाण केली तर सगळ्यांनी मिळून प्रतिकार करायचा, लग्नगडी कुणी राहायचा नाही.

१९/ त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वाटते. वारल्यांचे जथे लाल बावटा घेऊन गावोगाव निघाले. मालकांच्या वाड्यांपुढे जाऊन लग्नगड्यांना बाहेर बोलावत आणि ‘तू आता मोकळा’ असे सांगत. शेकडो जोडपी अशी बाहेर पडली. ना न्यायालय, ना मामलेदार, ना मुक्तीचा दाखला. उंबरगावातली वेठ बघता बघता बंद पडली.

२०/ हे इतक्या लवकर कसे झाले? लग्नगडी बांधलेला होता तो साखळदंडाने नव्हे. त्याने एकट्याने नकार दिला तर मार. पळून गेला तर दुसऱ्या पाड्यावर आसरा नाही, कारण तिथला मालकही त्याच जातकुळीचा. आणि घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे ही त्याची स्वतःची प्रामाणिक समजूत. झरीच्या ठरावाने या तिन्ही गाठी एकदम सुटल्या. नकार सगळ्यांचा झाला. आसरा प्रत्येक पाड्यावर मिळू लागला. आणि देणे फिटले आहे, हे त्याला बाहेरच्या कुणी नव्हे, त्याच्याच हजारो माणसांनी सांगितले. १८६० ची दंडसंहिता डहाणूतही होती आणि निजामाचा नियम आदिलाबादेतही. दोन्हीकडे कायदा पुस्तकात झोपलेला होता.

२१/ मालक स्वस्थ बसले नाहीत. ऑक्टोबरात गवतकापणीचा हंगाम आला. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये दर मिळावा म्हणून वारल्यांनी संप केला. गोदाराणी येणार, सभा आहे, अशी आवई उठवून लोकांना तलवाड्याला जमवण्यात आले. तिकडे अधिकाऱ्यांना कळवले गेले की जमाव हल्ल्यासाठी जमला आहे. १० ऑक्टोबर १९४५. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. तरीही संप मोडला नाही, आणि दरही मिळवला. तलासरी भागात १० ऑक्टोबर आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

२२/ पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीवरून पुन्हा संप. परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढण्यात आले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवलीला पुन्हा गोळीबार, पुन्हा मृत्यू. हे सारे घडले तेव्हा मुंबई प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ होते : मुख्य बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. याच खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढले होते. त्यांची कळकळ खोटी होती असे मी म्हणणार नाही. आदिवासींची सेवा करणे आणि आदिवासींनी स्वतः दर ठरवणे यांत त्या पिढीतील अनेक सज्जनांना फार मोठे अंतर वाटत असे.

२३/ साधनांविषयी एक इशारा. या लढ्याचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात आहे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. अप्रतिम पुस्तक, पण ते लढ्यातील नेत्याचे आहे. मालकांच्या आणि पोलिसांच्या कागदांत हीच घटना दंगल म्हणून येते. वारल्यांनी स्वतः लिहिलेले काही नाही, कारण लिहायला कुणी शिकवलेच नव्हते. या बंडातील स्त्रियांविषयी इंद्रा मुन्शी सल्दान्हा यांचे लेखन जरूर वाचा. लग्नगड्याच्या बायकोची कथा नवऱ्याच्या कथेत विरघळून जाते, तिला वेगळे काढून पाहायला हवे.

२४/ वेठ कायमची संपली का? नाही. २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगार पद्धत देशभर रद्द झाली. आधी वटहुकूम आला, मग १९७६ चा अधिनियम. तो आणीबाणीच्या काळात आला, म्हणून त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पण कायदा आल्यावरही त्याच ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या उंबरठ्यावर, वेठबिगार सापडत होते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि पुढे १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. वसईच्या परिसरातील वेठबिगारांना शोधून, त्यांच्याकडून अर्ज करवून, मुक्त झालेल्यांचीच संघटना बांधण्याचा मार्ग त्यांनी धरला. १९९९ मध्ये या दांपत्याला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. झरीला कायद्याची पाठ नव्हती. इथे होती, आणि ती वापरणारे लोकही होते.

२५/ १९८२ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे हेही २३ व्या कलमातील सक्तीचे श्रमच. भुकेची सक्ती हीसुद्धा सक्ती. २०१३ मध्ये दंडसंहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले आणि फसवून, आमिष दाखवून किंवा अधिकाराचा गैरवापर करून माणसाला शोषणासाठी नेणे, ठेवणे वा स्वीकारणे हा अपव्यापार ठरला. भारतीय न्याय संहितेत ते आज कलम १४३ आहे. या व्याख्येत सीमा ओलांडण्याची अट नाही. लग्नगडी तिच्यात सहज बसला असता.

२६/ परत चंद्रपूरला. तेव्हाच्या राजुरा तहसिलीतील अनेक गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आली. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा क्षेत्रात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीकडे असायला हवा. उचल देणारा मुकादम सावकार असतो की नाही, यावर वकील वाद घालतील. ग्रामसभेने त्याचे नाव, रक्कम आणि गावाबाहेर गेलेल्यांची यादी आपल्या वहीत लिहून ठेवायला कुणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

२७/ १९७६ च्या अधिनियमाचे कलम १३ फारसे कुणी वाचत नाही. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात एक दक्षता समिती असावी, असे ते सांगते. अध्यक्ष अधिकारी, पण तीन जागा त्याच भागात राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींसाठी, दोन जागा समाजकार्यकर्त्यांसाठी. झरीच्या माळावर जे लोक जमले होते, त्यांच्यासाठी कायद्याने सरकारी टेबलाभोवती ठेवलेल्या या तीन खुर्च्या आहेत.

२८/ राजुरा, कोरपना आणि जिवतीकडील गावांसाठीच्या समितीत त्या खुर्च्यांवर आज कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. मी अर्ज लिहायला घेतला आहे. उत्तर आले की याच थ्रेडखाली टाकतो. आपल्या जिल्ह्यासाठी कुणी अर्ज केला, तर तेही इथेच जोडा.